भाजीची कापडी पिशवी घरीच शिवा, वर्षानुवर्षं टिकेल अशी

भाजीची कापडी पिशवी फाटते ती दोनच ठिकाणी. एक, जिथे बंद, म्हणजे धरायचा पट्टा, पिशवीला जोडलेला असतो तिथे, आणि दुसरं, तळाच्या कोपऱ्यात. मधलं कापड बहुतेक वेळा धडधाकटच असतं, तरीही पिशवी टाकून द्यावी लागते. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा मी या दोन ठिकाणांना दिली आहे. बाकीचं शिवणकाम सोपं आहे. मशीनवर सरळ टीप घालता येते, एवढ्या भांडवलावर ही पिशवी जमते.

टिकण्याचा एवढा आग्रह का, तेही सांगते. महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ला निघाली आणि तीन महिन्यांनी, २३ जूनपासून, ती प्रत्यक्ष लागू झाली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड आहे. तेव्हापासून बाजारात कापडासारख्या दिसणाऱ्या पातळ रंगीत पिशव्या भरपूर आल्या. त्यांना ‘नॉन-वोव्हन’ म्हणतात आणि त्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्याच असतात. शंका असेल तर एक बारीक तुकडा चिमट्यात धरून स्वयंपाकघराच्या मोरीत जाळून पाहा. सुती धागा कागद जळल्याच्या वासाने जळतो आणि बोटाने चुरता येईल अशी राख होते. प्लॅस्टिक वितळतं आणि त्याची कडक गुठळी होते.

पण सुती पिशवीही फुकट येत नाही. कापसाला पाणी लागतं, खतं-औषधं लागतात, सूतकताई आणि रंगाईला वीज लागते. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये याचा हिशेब मांडला होता. फक्त हवामानावरचा परिणाम धरला, तर साध्या सुती पिशवीने निदान ५२ वेळा बाजार केला पाहिजे, तेव्हा ती एका प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. पर्यावरणावरचे बाकीचे परिणामही मोजले तर तो आकडा ७,१०० वर जातो. हा हिशेब नव्या कापडाचा आहे. घरात आधीच पडलेल्या चादरीला तो लागू होत नाही. त्यामुळे माझं सांगणं सरळ आहे: शक्यतो जुनं कापड घ्या, आणि शिवण अशी घाला की पिशवी मंडईच्या शेकडो फेऱ्या झेलेल.

कापड कोणतं घ्यायचं

जुन्या सुती चादरीचा मधला भाग झिजलेला असतो आणि कडेचा चांगला असतो. चादर खिडकीशी उजेडात धरा. जिथून उजेड जास्त येतो तिथलं कापड विरलेलं आहे, ते सोडून द्या. मग उरलेला भाग दोन्ही मुठींत धरून जोरात ताणा, आधी उभा आणि मग आडवा. ‘चर्र’ असा बारीकसा आवाज जरी आला तरी ते कापड पिशवीचं वजन घेणार नाही. जुने पडदे यासाठी चादरीपेक्षाही चांगले. जाड असतात आणि अंगाखाली घासलेले नसतात. मात्र रोज ऊन खाणाऱ्या खिडकीचा पडदा असेल तर तो ताणून पाहिल्याशिवाय घेऊ नका, उन्हाने धागा कुजतो.

जीन्स सगळ्यात मजबूत. फक्त तिच्यासाठी १८ नंबरची सुई लागते. सुती साडी पिशवीसाठी पातळ पडते. ती दुहेरी करून, मध्ये गोधडीसारखा धावदोरा घालून वापरता येते, पण मला विचाराल तर साडीच्या अंगाच्या धान्यासाठी छोट्या पिशव्या कराव्यात आणि काठ वेगळे काढून त्यांचे बंद करावेत. काठाची वीण साडीत सगळ्यात घट्ट असते.

घरात काहीच नसेल तर नवं कापड घ्यावं लागेल. दुकानात केसमेंट (पडद्याचं जाड सुती कापड) मागा, किंवा जाडसर मांजरपाट (साधं कोरं सुती कापड). भिवंडीच्या यंत्रमागांवर कोरं कापड निघतं ते आपल्या इतकं जवळ, की ठाणे जिल्ह्यात मांजरपाटासाठी फार हिंडावं लागत नाही. उल्हासनगरच्या कापडबाजारात पडद्याच्या कापडाचे कटपीसही मिळतात. कटपीस घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, दुकानातच टेपने मोजून घ्या. पॉपलिन घेऊ नका. दिसतं छान, पण बटाट्याच्या वजनाला नरम पडतं.

नवं कापड कापण्याआधी धुवायलाच हवं. मांजरपाटाला खळ असते, ते रात्रभर पाण्यात भिजत घाला, सकाळी धुवा, वाळवा आणि ओलसर असतानाच इस्त्री करा. पहिल्या धुण्यात सुती कापड चांगलंच आटतं. आधी शिवून मग धुतलं तर कापड आटतं, पॉलिएस्टरचा दोरा आटत नाही, आणि सगळ्या शिवणींवर चुण्या पडतात.

सामान

पॉलिएस्टरचा दोरा घ्या, सुती नको. सुती दोरा ओल्या भाजीने आणि पावसाने लवकर कुजतो. केसमेंट-मांजरपाटाला १६ नंबरची सुई, आणि ती नवी लावा. सुई काही रुपयांची असते, पण बोथट सुई टाके सोडते आणि सोडलेल्या टाक्यापासूनच शिवण उसवायला लागते. बाकी कात्री, टेप, शिंप्याचा खडू, टाचण्या आणि जवळ इस्त्री. टाका मध्यम ठेवा, इंचाला आठ ते दहा. फार बारीक टाक्यांनी जाड कापडाला ओळीने भोकं पडतात आणि ते तिथेच फाटतं.

माप आणि कापणी

४८ इंच पन्ह्याचं सव्वा मीटर कापड घेतलं की दोन पिशव्या होतात आणि चिंधीसुद्धा उरत नाही. धुतल्यावर पन्हा साधारण ४६ इंच राहतो आणि लांबी ४६ इंचांच्या आसपास. त्यावर खडूने अशा रेघा मारा:

अंगासाठी १६ इंच रुंद आणि ३७ इंच लांब असे दोन तुकडे, शेजारी शेजारी. त्यांच्या खाली जे नऊएक इंच उरतात, त्यातून तळाच्या जोडासाठी, म्हणजे तळाला आतून लावायच्या जास्तीच्या कापडासाठी, १६ बाय ८ इंचाचे दोन तुकडे. उरलेल्या १४ इंच रुंदीत साडेतीन इंची चार उभ्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीतून २८ इंचांचा बंद काढा. हा खांद्यावर अडकवायच्या पिशवीचा. पट्टीचा जो १८ इंचांचा तुकडा राहतो तो हातात धरायच्या छोट्या पिशवीसाठी जपून ठेवा.

सगळं उभ्या धाग्यात कापा, म्हणजे कापडाच्या किनारीला समांतर. विशेषतः बंद. आडवा किंवा तिरका कापलेला बंद ओझ्याने हळूहळू लांबत जातो आणि महिनाभरात पिशवी गुडघ्यापर्यंत लोंबायला लागते.

या मापाची तयार पिशवी तोंडाशी पावणेपंधरा इंच रुंद आणि साडेचौदा इंच उंच होते. तळ पावणेअकरा बाय चार इंचांचा. दोन किलो कांदे, दोन किलो बटाटे, वर टोमॅटो आणि पालेभाजीची एक जुडी यात आरामात बसते. यापेक्षा मोठी पिशवी शिवण्याचा मोह टाळा. मोठी पिशवी मोठीच भरली जाते, आणि मग ठाणे स्टेशनचा जिना चढताना पिशवीआधी खांदा भरून येतो.

तळाचा जोड

अंगाचा तुकडा लांबीत अर्ध्यात दुमडून इस्त्रीने घडी पाडा. ही तळाची रेघ. तुकडा उलगडा आणि उलटी बाजू वर करून सपाट पसरा. जोडाच्या १६ इंची दोन्ही कडा अर्धा-अर्धा इंच आत दुमडून इस्त्री करा आणि जोड बरोबर त्या रेघेवर मधोमध ठेवा, दोन्हीकडे साडेतीन इंच येतील असा. दुमडलेल्या कडांवर काठाला लागून टीप घाला, मग मध्ये दोन-दोन इंचांवर आणखी टिपा घाला. जोडाच्या आखूड बाजू उघड्याच राहू द्या, त्या पुढे बाजूच्या शिवणीत जातात. अर्ध्या तासाचं हे जास्तीचं काम पुष्कळ जण टाळतात. पण नारळ आणि सुरणासारख्या टणक गोष्टी इथेच टेकतात, आणि दुकानाच्या पायरीवर, लोकलच्या फलाटावर पिशवी ठेवली की घासलं जातं तेही इथेच.

बाजूच्या शिवणी

इथे फ्रेंच शिवण घालायची. कापडाच्या कच्च्या कडा हिच्या पोटात बंद होतात, त्यामुळे इंटरलॉक लागत नाही आणि भेंडीचं देठ सुटलेल्या धाग्यांत अडकत नाही.

नेहमीच्या शिवणीत सुलट बाजू एकमेकींवर ठेवतो, इथे उलट बाजू एकमेकींवर ठेवा. म्हणजे पिशवी आत्ता सुलटच दिसेल. दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप घाला. कडेचे सुटे धागे कात्रीने काढून टाका, एकही शिल्लक ठेवू नका, नाहीतर तो पुढच्या टिपेतून बाहेर डोकावत राहतो. आता पिशवी उलटी करा, शिवण बोटांनी चोळून अगदी कडेला आणा, इस्त्री फिरवा आणि तीन सुतांवर (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) दुसरी टीप घाला. तळाच्या घडीपाशी आणि तोंडापाशी मागे-पुढे टीप घेऊन टोक पक्कं करा. जोडाजवळ थर वाढतात, तिथे पायडल थांबवून चाक हाताने फिरवा. जोर केला की सुई वाकते.

तळाचे कोपरे

आत्ता पिशवी पाकिटासारखी चपटी आहे. कोपरे शिवले की ती जमिनीवर उभी राहायला लागते.

पिशवी उलटीच ठेवा. एका कोपऱ्यात हात घालून बाजूची शिवण तळाच्या घडीच्या रेघेवर बरोबर सपाट बसवा. कोपऱ्याचा त्रिकोण होईल. त्याच्या टोकापासून शिवणीवर दोन इंच मोजा आणि तिथे शिवणीला काटकोनात रेघ मारा. ती रेघ चार इंच भरली पाहिजे. कमी-जास्त भरली तर शिवण मध्यावर बसलेली नाही, पुन्हा बसवा. त्या रेघेवर टीप घाला, तिच्यावरच आणखी एक घाला.

बरेच जण आता त्रिकोण कापून टाकतात. कापू नका. कापलं की कच्ची कड उघडी पडते आणि पिशवीचा सगळ्यात जास्त ताण घेणारा कोपरा एका टिपेच्या भरवशावर राहतो. त्रिकोण तळाकडे दुमडा, टोक जोडावर टाचा आणि हाताने चार-पाच घट्ट टाके घाला. कोपऱ्याला आपोआप जास्तीचा थर मिळतो.

बंद आणि तोंड

२८ इंची पट्टी लांबीत अर्ध्यात दुमडून घडी पाडा, उलगडा, दोन्ही कडा मधल्या घडीपर्यंत आणा आणि पुन्हा मिटा. चार थरांचा, इंचाला सूतभर कमी असा बंद तयार होईल. दोन्ही कडांना टीप घाला आणि मधून आणखी एक. याहून अरुंद बंद करू नका. पाच किलोचं ओझं अर्ध्या इंचाच्या बंदावर आलं की बोटांवर लाल वळ उठतात.

आता पिशवी सुलट करा आणि तिचं तोंड घ्या. कड आधी अर्धा इंच आत दुमडून इस्त्री करा, मग दीड इंच. बाजूच्या दोन शिवणी एकमेकींच्या विरुद्ध दिशेला पाडा, म्हणजे पिशवी मिटल्यावर दोन्ही गाठी एकावर एक येत नाहीत. प्रत्येक बाजूच्या शिवणीपासून चार इंच मोजून खुणा करा, पुढच्या अंगावर दोन आणि मागच्या अंगावर दोन. या खुणा बंदाच्या मध्याच्या.

बंदाचं टोक तोंडाच्या दुमडीखाली अर्धा इंच सरकवा, बंद खाली पिशवीच्या पोटात लोंबू द्या आणि टाचणी लावा. चारही टोकं लागली की एकदा पाहून घ्या: बंदाला पीळ पडलेला नाही ना, आणि पुढचा बंद पुढच्याच दोन खुणांवर आहे ना. मग दुमडीच्या खालच्या काठाने सगळीकडून गोल टीप घाला. आता बंद वर उचला, तो दुमडीला चिकटून वर तोंडाबाहेर येईल. तोंडाच्या वरच्या काठाने दुसरी गोल टीप घाला.

शेवटी प्रत्येक टोकावर चौकट. दोन्ही गोल टिपांच्या मधल्या दीड इंचात बंदाच्या चारही कडांनी टीप घाला आणि तिच्या आत तिरक्या दोन टिपा, फुलीसारख्या. सुई कापडात रुतलेली ठेवून मशीनचा कापड दाबणारा पाय उचलायचा, कापड वळवायचं, पाय खाली करायचा. दोरा एकदाही तोडावा लागत नाही. नुसत्या आडव्या दोन टिपा घातल्या तर सगळं ओझं त्या दोन ओळींवर येतं. फुलीमुळे ते दीड इंचात चहूकडे वाटलं जातं. विकतच्या पिशवीची हीच जागा उलटून पाहा, बहुतेकींत आडवी एकच टीप सापडेल.

तयार झालेली पिशवी लगेच बाजारात नेऊ नका. पाण्याने भरलेल्या एक-एक लिटरच्या सात बाटल्या तिच्यात ठेवा, म्हणजे सात किलो झाले, आणि खिडकीच्या ग्रिलला रात्रभर टांगून ठेवा. सकाळी बंदाच्या मुळाशी आणि कोपऱ्यात उजेडात बघा. टाके रुंदावलेले दिसले तर तिथेच आणखी एक टीप.

मशीन नसेल तर

हातानेही ही पिशवी होते, दोन-तीन दुपारी लागतात एवढंच. धावदोरा चालणार नाही. उलटी टीप घाला, म्हणजे प्रत्येक टाका मागे घेऊन पुढे. दोरा दुहेरी घ्या आणि मेणबत्तीवरून ओढून घ्या, गुंता होत नाही आणि टाका घट्ट बसतो. चौकटीच्या जागी कापडाचे अकरापर्यंत थर असतात, तिथे अंगुस्तान (बोटात घालायची टोपी) घातल्याशिवाय सुई ढकलू नका. किंवा बाकी सगळं हाताने शिवून तेवढ्या चार चौकटी जवळच्या शिंप्याकडून मारून घ्या.

मासळीची वेगळी, धान्याची वेगळी

ठाणे-नवी मुंबईत मासळीशिवाय बाजार पुरा होत नाही, आणि सुती पिशवीत शिरलेला बोंबलाचा वास सहज जात नाही. मासळीची पिशवी वेगळीच ठेवा. तिला मोडक्या छत्रीच्या कापडाचं अस्तर लावा. काड्या काढल्या की छत्रीचं कापड गोल उलगडतं, त्यातून आतल्या पिशवीपुरते तुकडे निघतात. हे कापड पातळ असतं, सुई ११ किंवा १४ नंबरची लावा, आणि इस्त्री अजिबात फिरवू नका, वितळेल. अस्तर वेगळं शिवून फक्त तोंडाशी जोडा, म्हणजे ते बाहेर ओढून धुता येतं. तरी सुईच्या भोकांतून पाणी झिरपतंच, म्हणून मासळी झाकणाच्या डब्यात घ्या आणि डबा पिशवीत.

सुट्या डाळी-तांदळासाठी जुन्या साडीच्या १० बाय १२ इंचांच्या नाडीच्या पिशव्या शिवा. शिवून झाल्यावर रिकामी पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि तिचं वजन रंगीत दोऱ्याने तिच्यावरच भरा. दुकानदाराला ते दाखवलं की तो तेवढे ग्रॅम वजा करतो, वाद होत नाही. याच पातळ पिशव्या पालेभाजीलाही उत्तम. मंडईत जुड्यांवर पाणी मारलेलं असतं. ओलसर सुती पिशवीत मेथी-कोथिंबीर फ्रीजमध्ये चांगली राहते, बंद प्लॅस्टिकमध्ये ती घामेजून काळी पडते.

धुणं आणि डागडुजी

पावसाळ्यात ओली पिशवी घडी करून ठेवली की दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते कायमचे बसतात. घरी आल्यावर पिशवी उलटी करून माती झटका आणि पंख्याखाली टांगा. आठवड्याच्या कपड्यांबरोबर ती धुतली जाऊ दे. वाळत घालताना बंदांना नको, तळाला चिमटे लावा, म्हणजे पाण्याचा भार बंदांच्या मुळाशी येत नाही.

बंदाचा मधला भाग विरला तर पूर्ण बंद उसवायची गरज नाही. साडीच्या काठाचा सहा इंची तुकडा त्याच्यावर गुंडाळून शिवा, धरायलाही मऊ होतो. तळाचा जोड झिजून खालचं कापड दिसायला लागलं की हाताने टाकलेले त्रिकोणाचे टाके उसवा, नवा जोड आतून टाचा, कडेने टीप घाला आणि त्रिकोण पुन्हा टाचून टाका. आणि कधीतरी तळ पूर्णच गेला, तर कोपऱ्याच्या शिवणीच्या वर चार इंचांवर पिशवी आडवी कापा, खाली नवी फ्रेंच शिवण घाला, पुन्हा कोपरे शिवा. उंची साधारण आठ इंचांची उरते. दुधाच्या पिशव्या आणि पाव आणायला ती बरोबर होते.